वडगावात विद्यापीठाची एक खोली हवी

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



पेठ वडगावच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर सोमवार टाळावा लागतो. सोमवार वडगावच्या बाजाराचा. भादोले, किणी, घुणकी, अंबप, लाटवडे, सावर्डे, मिणचे, खोची अशा चहूबाजूंच्या गावांतून माणसे बाजाराला येतात. कुणी जनावर घेऊन, कुणी भाजीची पाटी घेऊन, कुणी नुसता आठवड्याचा बाजार करायला. त्या दिवशी गावात गेलेल्या सर्वेक्षकाला दारात म्हातारी माणसे भेटतात, नाहीतर कुलूप. मग कागदावर 'घर बंद' अशी खूण होते आणि नमुन्यात निवडलेल्या घराऐवजी शेजारचे उघडे घर घेतले जाते. बाजाराला गेलेले कुटुंब म्हणजे विकायला काहीतरी असलेले किंवा खरेदीला हातात पैसे असलेले कुटुंब. नेमके तेच यादीतून गळते. पुढे संगणकावर कितीही काटेकोर आकडेमोड केली, तरी ते घर परत येत नाही.

हे पत्र अशा गोष्टींविषयी आहे. सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाची चर्चा आपल्याकडे विषय, सिद्धांत, संदर्भसूची आणि शोधनिबंध यांच्याभोवती फिरते. गावात कोणत्या वारी जायचे, कुणी जायचे, त्याच्या एसटीचे पैसे कुणी आणि कधी द्यायचे, भरलेल्या प्रश्नावल्या कुठे ठेवायच्या, यावर कुठे चर्चासत्र भरत नाही. क्षेत्रीय संशोधन मात्र तिथेच तरते किंवा बुडते. म्हणून आपल्याकडे एक मागणी आहे. दर प्रकल्पाला नवी माणसे गोळा करायची आणि प्रकल्प संपला की ती पांगू द्यायची, ही रीत सोडून विद्यापीठाने पेठ वडगावात क्षेत्रीय संशोधनाचे एक छोटे, पण कायमचे केंद्र उघडावे. सुरुवातीला एक खोली पुरे.

ही मागणी आताच करण्याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा लागू केला, त्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची मुले आता दरवर्षी वह्या घेऊन गावागावांत जाणार. एवढी तरुण माणसे एवढ्या गावांत एवढ्या नियमितपणे प्रश्न विचारायला जाण्याचा योग या भागात पूर्वी आलेला नाही. त्यातून वारणा आणि पंचगंगेच्या खोऱ्याची माहिती वर्षानुवर्षे साठत जाईल, किंवा गुण भरून झाल्यावर फायली कपाटात जातील. दोन्हींत फरक पडतो तो व्यवस्थापनाने.

या मातीला हे काम नवे नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी एन. व्ही. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली आणि १९४८ पासून ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. लोकसंख्या, उद्योग आणि व्यापार, कुटुंबाचे राहणीमान असे तिचे विषय होते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, म्हणजे शहराची पाहणी विद्यापीठाच्या आधीची आहे. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी जयंत रणदिवे यांच्याबरोबर फलटण आणि भोवतालच्या खेड्यांचा अभ्यास केला, तो १९६५ मध्ये छापला गेला. वाढत्या गावाचे आणि भोवतालच्या खेड्यांचे एकमेकांशी काय नाते असते, हा त्याचा विषय. आठवडी बाजारांवरचा कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा ग्रंथ १९७० चा. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेने आठवडी बाजार हा संशोधनाचा विषय मानला, हे वडगावच्या माणसाला आजही महत्त्वाचे वाटावे असे आहे.

आणि जे. पी. नाईक तर याच जिल्ह्यातले. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबला, कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचाही पहिला सदस्य-सचिव झाला. परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. देशभरच्या समाजशास्त्रज्ञांना आज ज्या संस्थेकडून प्रकल्पाचे पैसे मिळतात, ती उभी करणाऱ्या दोघांचीही उमेद खेड्यांत आणि सहकारात काम करून घडली होती.

आता प्रत्यक्ष गावात काय होते ते पाहू. जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत एक ओळ असते: 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?' वारणाकाठच्या घरात या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, तेही पशुखाद्याची कपात होऊन. ऊस जानेवारीत तुटला तर पहिली उचल नंतर खात्यावर पडते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ती चौदा दिवसांत मिळायला हवी, पण शेतकरी तो हिशेब तारखेने नव्हे, खात्यावर पैसे आल्यावरच करतो. त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते होते. घरातली बाई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते, तिची मजुरी आठवड्याची. थोरला मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कंत्राटावर, त्याचा पगार महिन्याचा. कुणी बचत गटाचे कर्ज उचललेले असते, त्याचा हप्ता ठरलेल्या तारखेला जातो. या सगळ्याला बारा महिन्यांनी भागून एक आकडा सांगा, असे म्हटले की समोरचा माणूस सर्वेक्षकाचे मन राखायला एक गोल आकडा सांगून टाकतो. तो आकडा तक्त्यात जातो, तक्ता अहवालात जातो आणि अहवाल पुढे कुणाच्या तरी धोरणाचा आधार होतो.

जाणत्या सर्वेक्षकाला हे ठाऊक असते. तो उत्पन्न विचारत नाही. तो विचारतो, 'म्हशी किती? आता दुभती कुठली? गेल्या बिलाला किती लिटर बसले?' मग उसाचे टन, मग मजुरीचे दिवस. प्रत्येक पैसा ज्या पावलाने घरात येतो, त्याच पावलाने तो विचारतो. याला वीस मिनिटे जास्त लागतात. दुधाचा हिशेब घरच्या बाईला तोंडपाठ असतो, पण प्रश्नांना उत्तरे देतो तो सोप्यात बसलेला पुरुष, आणि चुकले की आतून चुलीजवळून दुरुस्ती येते. ती दुरुस्ती लिहून घ्यायची की नाही, हे ज्याला कळते तोच सर्वेक्षक.

जमिनीचेही तसेच. रान किती, म्हटले की उत्तर गुंठ्यांत येते. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, कसणारे तिघे भाऊ वेगळे झालेले असतात, आत्यांची नावे वारस म्हणून लागलेली असतात आणि त्यातला एक तुकडा वाट्याने दुसऱ्याला दिलेला असतो. 'मालकीची जमीन' या एका चौकटीत हे मावत नाही. मालकी कुणाची, कसतो कोण, ऊस कुणाच्या नावाने कारखान्याला जातो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते तीन आहेत हे कोल्हापूरच्या टेबलावर बसून सुचत नाही. त्यासाठी प्रश्नावली छापण्याआधी ती दहा-पंधरा घरांत करून पाहावी लागते, ज्याला पूर्वचाचणी म्हणतात. प्रकल्पाची मंजुरी उशिरा आली की वेळापत्रकातली पहिली काट या पूर्वचाचणीवर पडते.

सर्वेक्षक हा या सगळ्या कामाचा कणा. आपल्याकडच्या प्रकल्पांत त्याला बहुधा दर प्रश्नावलीमागे ठरलेले पैसे मिळतात. दिवसाला जितक्या प्रश्नावल्या, तितकी कमाई. मग तो वीस मिनिटे जास्त का घालवील? त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ही पद्धतच त्याला घाईकडे ढकलते. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते, आभारांच्या यादीत असले तर असते, आणि पुढच्या प्रकल्पाला तो नसतो, कारण तोवर त्याने दुसरी नोकरी धरलेली असते. तीन महिन्यांत तो गावाविषयी जे शिकला, ते त्याच्याबरोबर निघून जाते.

याच्या उलट काय घडू शकते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषिसंशोधन संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातली सहा गावे निवडली. त्यांतली चार महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे, त्यांत भूमिहीन मजुरांपासून मोठ्या शेतकऱ्यांपर्यंत सगळे. आणि प्रत्येक गावात एक सर्वेक्षक, जो तिथेच राहायचा. खेड्यातून आलेले, शेतीअर्थशास्त्र शिकलेले हे तरुण तीन-चार आठवड्यांनी त्याच घरांत पुन्हा जायचे. किती दिवस मजुरी केली, काय पेरले, काय विकले, कुणाकडून उसने घेतले, कुणाला दिले, असे वर्षानुवर्षे. आधी दहा वर्षे हे चालले, पुढे २००१ नंतर ते पुन्हा सुरू झाले. ही माहिती अभ्यासकांना खुली केली गेली. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, खेड्यातली माणसे संकटात एकमेकांना कशी सावरतात, यावर जगभर गाजलेला निबंध लिहिला. तो शिरापूर, कानझरा आणि तेलंगणातल्या ऑरेपल्ली या गावांच्या आकड्यांवर उभा आहे. शिरापूरच्या एका घराने उसने घेतलेल्या धान्याची नोंद कुणीतरी नीट केली, म्हणून जगाच्या अर्थशास्त्राला ती उपयोगी पडली.

या कामात मोठी इमारत नव्हती. होता तो गावात राहणारा, पगारी माणूस, तेच घर, तोच प्रश्न आणि नीट ठेवलेला कागद.

वारणाकाठाला स्वतःचेही एक उदाहरण आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांत संगणक बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचा देशभर गाजावाजा झाला. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला हवामान, बाजारभाव, शेतीचा सल्ला सगळे मिळेल, अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले केंटारो टोयामा आणि त्यांचे सहकारी इथे आले. केंद्रावर प्रत्यक्षात काय चालते ते त्यांनी पाहिले. संगणकाचा खरा उपयोग उसाच्या हिशेबापुरता होता: खताची मागणी, उसाचे वजन, बिलाची माहिती. एवढ्यासाठी संगणकाचा खर्च कशाला, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांना आवडले. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कागदावरची योजना आणि गावातला वापर यांतले अंतर मोजायला इथे बसून पाहावे लागले. ते करणारी माणसे बंगळूरहून आली याची खंत नको. चांगले संशोधन कुणीही करावे. पण वडगावपासून हाकेच्या अंतरावर घडलेल्या या प्रयोगाची पुढची वीस वर्षे कुणी सलग पाहिली असती, तर आज हातात केवढे धन असते!

आता पैशाकडे वळू, कारण अर्धे प्रकल्प तिथे अडतात. निधी हप्त्यांनी येतो. पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पावत्या लागतात. वडगाव ते खोची वडापने गेलेल्या मुलीने पावती कुठून आणायची? एसटीचे तिकीट मिळते, पण आडवाटेच्या गावाला एसटीची वेळ कामाच्या वेळेशी जुळेलच असे नाही. सरपंचाच्या ओसरीवर बैठक घेतली तर चहाचे पैसे कोणत्या खात्यात घालायचे? या रकमा क्षुल्लक असतात. पण त्या आधी सर्वेक्षकाच्या खिशातून जातात आणि महिन्यांनी परत मिळतात, किंवा त्रुटीचा शेरा बसून अडकतात. बेकार पदवीधराच्या खिशातून विद्यापीठाचे संशोधन चालावे, हे योग्य नाही. आगाऊ रक्कम, ठरावीक दैनिक भत्ता आणि छोट्या प्रवासखर्चासाठी स्वाक्षरी केलेले स्वयंघोषणापत्र, एवढे तीन निर्णय विद्यापीठाच्या पातळीवर झाले तर शेकडो तासांचे हेलपाटे वाचतील.

वेळेचे गणित पैशाच्या गणिताशी जुळवणे याहून अवघड. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, शेताचे वर्ष संपत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या बीड, अहिल्यानगर आणि अन्य जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांच्या मुलांच्या शाळेचा, बायकांच्या आरोग्याचा, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा अभ्यास करायचा तर चार-पाच महिन्यांची खिडकी उघडी असते. मंजुरीचे पत्र फेब्रुवारीत हाती पडले तर ते वर्ष गेले. जून-जुलैत पेरणी आणि लावणीची घाई. त्यानंतर पुराची धास्ती. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर वारणाकाठी कागद-पेन घेऊन आलेल्या प्रत्येकाकडे लोक पंचनाम्याच्या नजरेने पाहतात. मग गणपती, नवरात्र. अनुदान देणारी संस्था दिल्लीत असते, तिला हे पंचांग ठाऊक असण्याचे कारण नाही. विद्यापीठाला ठाऊक असायला हवे आणि प्रकल्पाचा प्रस्ताव जाण्यापूर्वीच त्यात ते उतरायला हवे.

पंचनाम्याच्या नजरेचा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबायला हवे. गावातल्या माणसाच्या अनुभवात, प्रश्न विचारणारा परका माणूस बहुधा शासनाचा असतो. त्याला दिलेल्या उत्तराने शिधापत्रिकेचा रंग बदलू शकतो. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. अशा काळात अनोळखी मुलगी दारात येऊन उत्पन्न विचारते, तेव्हा खरे सांगण्यात शहाणपण नाही असे त्या घराला वाटले, तर ते चुकीचे कसे म्हणावे? त्यावर उपाय एकच, ओळख. त्याच घरात दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा गेलेल्या माणसाला लोक हळूहळू खरे सांगू लागतात, कारण आधी सांगितलेल्यामुळे आपले काही बिघडले नाही हे त्यांनी पाहिलेले असते.

तो विश्वास राखणे ही संशोधकाची जबाबदारी. मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्येच तयार झाली. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. पण गावात गोपनीयता म्हणजे नाव काढून टाकणे एवढेच नसते. 'वारणाकाठच्या एका गावातल्या, पॉवरलूम बंद केलेल्या, दोन मुली असलेल्या माजी सरपंच' असे अहवालात लिहिले, तर नावाची गरजच उरत नाही, सारे गाव ओळखते. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात असते, त्यातला भाग समाजमाध्यमांवर फिरू शकतो. काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे गाव ओळखणाऱ्या माणसाने वाचून ठरवले पाहिजे. संमतिपत्रही मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि वाचून दाखवता येईल असे हवे. इंग्रजी नमुन्याचे शब्दशः भाषांतर करून घेतलेली सही ही संमती नव्हे.

भरलेल्या प्रश्नावल्यांचे पुढे काय होते? हा प्रश्न विचारला की बहुतेक विभागांत उत्तर सारखेच असते: प्रकल्पप्रमुख निवृत्त होईपर्यंत त्या त्यांच्या कपाटात असतात. कागद जपले तर काय साधते, याचे उदाहरण हॅरॉल्ड मान यांचे. ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होते, १९१४-१५ मध्ये ते सातवर आले, हे त्यांनी दाखवले. दीडशे वर्षांचा तो उतार मांडता आला, कारण पेशवाईतले कागद जपून ठेवलेले होते. आज पिंपळे सौदागरात मनोऱ्यांसारख्या इमारती आहेत. तिथे शेते होती आणि ती कशी तुकड्यांत गेली, हे सांगायला मान यांचे पुस्तक आहे. वडगाव परिसरात महामार्गालगतची शेते अशीच बदलत आहेत. त्यांचे सांगायला काय उरणार?

पेठ वडगावच का, असे आपण विचाराल. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेले हे गाव जुनी बाजारपेठ आहे, हे एक. पुणे-बंगळूर महामार्ग जवळून जातो, विद्यापीठापासून अंतर वीसेक किलोमीटरचे, हे दुसरे. पण खरे कारण हातकणंगले तालुका. या एका तालुक्यात वारणेचा ऊस आहे, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, हुपरीची चांदी आहे आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने आहेत. पश्चिमेला पन्हाळ्याचा डोंगरी भाग सुरू होतो. शेतमजूर, विणकर, चांदी कारागीर, कंत्राटी कामगार, दूध घालणारी बाई आणि टोळीतली ऊसतोडणी मजूर, सगळे एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, समाजकार्य, कुठल्याही विभागाला इथे काम आहे.

त्यासाठी मागणे लहान आहे. वडगावातल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा नगरपालिकेच्या जागेत एक खोली. तिला कुलूप लागणारे कपाट, एक संगणक आणि मुलींना वापरता येईल असे स्वच्छतागृह. दिवसभर चार गावे फिरलेल्या मुलीला संध्याकाळची गाडी येईपर्यंत बसायला, मोबाइल चार्ज करायला, दिवसाच्या प्रश्नावल्या तपासून कुलपात ठेवायला जागा हवी. ती नसते म्हणून मुली पहिल्या महिन्यातच काम सोडतात. दोन पूर्णवेळ सर्वेक्षक, याच परिसरातले, मासिक वेतनावर, किमान पाच वर्षांसाठी. पाच-सहा गावांतली ठरलेली कुटुंबे, जिथे वर्षातून अनेकदा जायचे. त्यांनी आणलेल्या माहितीतली काही घरे दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा तपासायची. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी नमुना पाहण्यांत दोन स्वतंत्र पथकांची जी पद्धत रुजवली, ती इथेही लागू करता येईल.

या खोलीला परिसरातल्या महाविद्यालयांचे क्षेत्रप्रकल्प जोडले की चित्र बदलेल. आज प्रत्येक मुलगा नवा विषय, नवी प्रश्नावली आणि शेजारची पंचवीस घरे घेतो. त्याच त्या घरांना दरवर्षी कुणीतरी तेच ते विचारते, आणि घरे कंटाळतात. त्याऐवजी एका वर्षीच्या मुलांनी दुधाचा हिशेब घ्यावा, दुसऱ्या वर्षीच्यांनी स्थलांतराचा, तिसऱ्या वर्षीच्यांनी पुन्हा दुधाचा. मुलाला श्रेयांक मिळतील, विद्यापीठाला सलग नोंद मिळेल आणि घरातल्या माणसाचा वेळ वाया जाणार नाही.

आणि मिळालेले परत गावाला सांगायला हवे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. वर्षातून एकदा, त्यांतल्या एका सभेत, विद्यापीठाच्या सर्वेक्षकाने उठून 'तुमच्या गावात आम्ही हे पाहिले' असे दहा मिनिटे मराठीत सांगावे. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल. परीक्षकाच्या शेऱ्याइतकीच ती दुरुस्ती मोलाची असेल.

कुलगुरू महोदय, यातले काहीही नवीन कायदा किंवा मोठे अनुदान मागत नाही. आगाऊ रक्कम आणि स्वयंघोषणापत्राचा निर्णय विद्यापीठ स्वतः घेऊ शकते. खोलीसाठी वडगावातली महाविद्यालये आणि नगरपालिका यांच्याशी बोलता येईल. दोन सर्वेक्षकांचे वेतन हा मुख्य खर्च, आणि तो सुरुवातीच्या पाच वर्षांसाठी विद्यापीठाने आपल्या निधीतून उचलावा. येत्या गळीत हंगामापूर्वी, टोळ्या वारणाकाठी उतरण्याच्या आत, हा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावा आणि पहिली फेरी याच हंगामात सुरू करावी, ही आग्रहाची विनंती.



पेठ वडगाव, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर